उजव्या लेनमधल्या विजूकाकू

काकू, तुमचा ट्रेलर गेल्या रविवारी संध्याकाळी ॲन आर्बरला सुखरूप पोचला. तुमच्या समीरनं फोटो पाठवलाय. त्याच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये तो थोडा तिरका उभा आहे, आणि फोटोखाली समीरनं लिहिलंय की लावताना पाच वेळा मागेपुढे करावं लागलं. ही बातमी सगळ्यात आधी देतो, कारण कोणीही ट्रेलर घेऊन निघालं की 'पोचलो' असा मेसेज येईपर्यंत तुम्हाला चैन पडत नसे.

तुम्हाला जाऊन आज चाळीस दिवस झाले. तुम्ही घरच्या घरी गेलात, सकाळी, मागच्या अंगणात, हातात चहाचा कप असताना. रस्त्यावर नाही. 'ही बाई एक दिवस हायवेवर काहीतरी करून बसेल' असं भाकीत ज्यांनी ज्यांनी केलं होतं, ते सगळे चुकले. मला त्याचं त्या दुःखातही बरं वाटलं.

प्रार्थनासभेत सगळे बोलले. तुमच्या कटाच्या आमटीबद्दल बोलले, तुमच्या हसण्याबद्दल बोलले, इथं, आपल्या अल्फारेटात, नवीन आलेल्या किती जणांना तुम्ही पहिल्या आठवड्यात जेवायला बोलावलं होतंत त्याबद्दल बोलले. मी उभा राहिलो, "काकूंनी मला ट्रेलर ओढायला शिकवला," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, रडू आलं. ते आलंच होतं. पण जे सांगायचं होतं ते सांगायला गेलो असतो, तर तुमच्याशी एकदा खोटं बोललो होतो हेही कबूल करावं लागलं असतं, आणि ते आधी तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आपली ओळख संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. मी आणि मेघना नागपूरहून पुणं, पुण्याहून इथं असे नुकते येऊन पडलो होतो. ज्या बाईंनी तुमची ओळख करून दिली त्यांनी आवाज जरा उतरवून सांगितलं, की ह्या विजूकाकू, ह्या पूर्वी बस चालवायच्या. तुम्ही आवाज न उतरवता पुढचं सांगितलंत. स्कूल बस, बावीस वर्षं, आता रिटायर्ड. आणि मेघनाच्या हातावर तिळगूळ ठेवलात.

बाकीची गोष्ट तुमच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. समीर चार वर्षांचा असताना काकांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर हेल्थ इन्शुरन्सही. तुमच्या मैत्रिणी म्हणाल्या, अकाउंट्सचा कोर्स कर, नाहीतर घरी डेकेअर काढ. तुम्ही शाळेच्या बस डेपोत जाऊन फॉर्म भरलात. इस्लामपुरात सायकलशिवाय काही चालवलेलं नव्हतं, इथं येऊन जेमतेम कार शिकला होतात. बसच्या परीक्षेत रिव्हर्सला नापास झालात. मग घरातल्या बादल्या डेपोत नेऊन ओळीनं मांडल्यात आणि रोज संध्याकाळी त्यांच्या मधून चाळीस फुटांची पिवळी बस मागे घेत राहिलात. तीन बादल्या फुटल्या आणि दुसऱ्या खेपेला पास झालात. वर्षभरानं काकांना पुन्हा नोकरी मिळाली. ते म्हणाले, आता सोड हे. तुम्ही म्हणालात, आता मला आवडायला लागलंय.

काका गेल्यावर तुम्ही पिकअप ट्रक घेतलात, त्याच्या मागे जोडायला झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेला अठरा फुटांचा ट्रेलर घेतलात, आणि ज्या देशातल्या एकाच गावाच्या रस्त्यांवर बावीस वर्षं फिरलात, तो देश बघायला निघालात. एकट्या. हे सगळं मी आता कौतुकानं लिहितोय. त्या वेळी मीही इतरांसारखंच मनात म्हटलं होतं, की या वयात कशाला.

मग कोविडनंतरच्या उन्हाळ्यात आम्हीही एक जुना ट्रेलर घेतला. पंचवीस फुटी. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, तुमची एसयूव्ही आरामात ओढेल, पंच्याहत्तरनं गेलात तरी कळणार नाही मागे काही आहे. हे मी तुम्हाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तुम्ही ट्रेलरभोवती एक फेरी मारलीत, गुडघ्यावर बसलात आणि मला म्हणालात, चष्मा विसरलेय, या टायरवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. मी वाचलं. ताशी जास्तीत जास्त पासष्ट मैल. तुमचा चष्मा गळ्यात लटकत होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढचे चार शनिवार तुम्ही मला चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शिकवलंत. बादल्या आणल्या होत्यातच. रिव्हर्स मला लवकर जमलं. भांडण झालं ते हायवेच्या वेगावरून.

तुम्ही म्हणालात, साठ. मी म्हटलं, रस्त्यावर सत्तरची पाटी आहे. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी आजवर निदान दहा जणांना ऐकवलंय.

"पाटीवरचा आकडा रस्त्याचा आहे, प्रसाद. तुझ्या गाडीचा आकडा तुला काढायचाय."

तो कसा काढायचा तेही तुम्ही सांगितलंत. आधी टायर किती सोसतो ते बघ. मग मागे वजन किती आहे आणि ते पुढच्या अंगाला आहे की शेपटाला. मग वारा, मग उतार. आणि सगळ्यात शेवटी समोर बघ: आत्ता या क्षणी ब्रेक दाबला तर थांबायला जेवढा रस्ता लागेल, तेवढा मोकळा दिसतोय का? नसेल दिसत, तर तुझा वेग जास्त आहे, मग तो पन्नास का असेना. साठ तुमच्यासाठी काही देवाचा आकडा नव्हता. कॅन्ससमध्ये वारा सुटला होता तेव्हा तुम्ही पन्नासवर आला होतात आणि तरीही ट्रेलर हलतोय म्हटल्यावर रस्त्याकडेच्या एका डायनरच्या आवारात अर्धा दिवस बसून राहिला होतात. सपाट, शांत, रिकामा रस्ता असेल तर पासष्टलाही जायचात. पण सुरुवात साठपासून करायची.

मी इंटरनेटवरून बरंच वाचून आलो होतो. मी वाद घातला, की सगळे पंच्याहत्तरनं जात असताना आपण साठनं जाणं हाही धोकाच आहे. मागून येणाऱ्या ट्रकला आपण अचानक पुढ्यात सापडतो. माझी अपेक्षा होती तुम्ही मला झटकून टाकाल. तुम्ही बादल्या एकात एक घातल्यात. मग म्हणालात, "हे तुझं बरोबर आहे. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही."

बावीस वर्षं बस चालवलेल्या बाईनं दोन महिन्यांपूर्वी ट्रेलर घेतलेल्या माणसाला हे म्हणावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. माझ्या ऑफिसात असं म्हणणारा एक माणूस मला अजून भेटायचाय.

मग तो वाद आपण फोनवर चालू ठेवला. तुम्ही कुठून कुठून फोन करायचात. साउथ डकोटातून सांगितलंत, आज एक ट्रकवाला अगदी मागे येऊन हॉर्न देत होता, तुझी आठवण झाली. टेक्ससमधून सांगितलंत, आज मुद्दाम तासभर पासष्टनं जाऊन बघितलं, ट्रक कमी अंगावर आले पण हात दुखले. कॅलिफोर्नियातून आनंदानं सांगितलंत, इथं ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानंच पंचावन्न, इथलं सरकार माझ्या बाजूचं आहे. मी म्हटलं, काकू, तुमच्या बाजूचं फक्त सरकार आहे, गाड्या नाहीत. तुम्ही हसलात. तो वाद संपला नाही. मला वाटतं, आपल्याला तो संपवायचाही नव्हता.

त्या चार शनिवारांत तुम्ही आणखी एक गोष्ट करून घेतलीत. माझ्या डॅशबोर्डखाली एक छोटी डबी बसवलेली होती. तिची दांडी सरकवली की गाडीचे ब्रेक लागत नाहीत, फक्त मागच्या ट्रेलरचे लागतात. तुम्ही मला डोळे मिटायला सांगितलंत आणि हात त्या दांडीवर न्यायला लावलात. पुन्हा. पुन्हा. वीसेक वेळा तरी. म्हणालात, ट्रेलर झुलायला लागला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, तो जाऊ द्यायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, आणि हात इथं. मी चाळीशीचा माणूस, डोळे मिटून दांडी शोधतोय, आणि आमची लेक ईरा मागच्या सीटवर खिदळतेय. मलाही हसू येत होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ईराच्या शाळेला चार दिवस सुट्टी होती. आम्ही टेनेसीला निघालो. निघायला उशीर झाला होता आणि कॅम्पग्राउंडचं ऑफिस पाचला बंद होणार होतं. दोन सायकली मी ट्रेलरच्या मागच्या बंपरवर बांधल्या होत्या, कारण तिथं बांधणं सोपं होतं. मोठा कूलरही आत अगदी मागे ठेवला होता. पहिला तास साठनं गेलो. मग बासष्ट, मग पासष्ट. ट्रेलर शांत होता. मला वाटलं, काकू उगाच घाबरवतात. डोंगराचा लांब उतार सुरू झाला तेव्हा मी बहात्तरला होतो.

डावीकडून एक मोठा ट्रक गेला. आधी त्याच्या वाऱ्यानं आम्हाला बाहेर ढकललं, मग तो पुढे सरकताना आत ओढलं. आरशात ट्रेलर डाव्या बाजूला दिसला. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या, पहिल्यापेक्षा जास्त. माझी सीटच बाजूला सरकत होती. ईरानं मागून शांतपणे विचारलं, "बाबा, व्हाय आर वी डान्सिंग?"

माझा पाय ब्रेकवर गेला, काकू. तुम्ही सांगितलं होतंत तसाच, आपोआप. आणि झोका वाढला. मेघनानं एका हातानं दार आणि दुसऱ्यानं माझी सीट धरली. त्यानंतर मी काही विचार केला नाही. मी पाय उचलला आणि माझा हात त्या दांडीवर होता. तो तिथं कधी गेला हे मला आजही सांगता येणार नाही. ते वीस वेळा डोळे मिटणं तिथं कामी आलं. ट्रेलर आणखी तीन-चार वेळा झुलला, प्रत्येक वेळी थोडा कमी, आणि मग सरळ झाला. शेजारच्या कठड्यापलीकडे दरी होती. ती मी नंतर पाहिली.

पुढच्या एक्झिटला उतरून एका गॅस स्टेशनवर थांबलो. मेघना रेस्टरूमला गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. मला वाटलं, आता ती किल्ली मागेल. ती शेजारी बसली आणि म्हणाली, हळू चालव, ऑफिस बंद झालं तर झालं. आम्ही उरलेला रस्ता पंचावन्ननं गेलो.

घरी परतलो त्या दिवशी तुमचा फोन आला. ट्रिप कशी झाली, विचारलंत. मी म्हटलं, मस्त झाली.

का खोटं बोललो? तुम्ही 'सांगितलं होतं ना' म्हणाल याची भीती नव्हती. तुम्ही तसं म्हणणाऱ्या नव्हता. पण मी वाद जिंकायच्या नादात माझ्या मुलीला त्या उतारावर नेलं होतं, आणि हे मोठ्यानं बोललं की ते खरं होणार होतं. मग दर महिन्याला वाटायचं, आता सांगू. जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. मी सायकली पुढे आणल्या, गाडीच्या टपावर. कूलर पुढे आणला. साठनं जायला लागलो. एकदा तुम्ही घरी आलात, टपावरच्या सायकलींकडे बघितलंत आणि म्हणालात, "छान बसवल्यास." बस्स.

प्रार्थनासभेहून परत येताना मी गाडीत मेघनाला म्हटलं, की मी त्यांना ते कधीच सांगितलं नाही. ती म्हणाली, त्यांना माहीत होतं. गॅस स्टेशनच्या रेस्टरूममधून तिनं तुम्हालाच फोन लावला होता. ती रडत होती, मी पुढे चालवते म्हणत होती. तुम्ही तिला म्हणाला होतात, "नको. त्यालाच चालवू दे. आज तू चाक घेतलंस तर तो पुन्हा कधी धरणार नाही. आणि त्याला काही बोलू नकोस, तो स्वतःला बोलतोच आहे."

म्हणजे 'ट्रिप कशी झाली' असं तुम्ही विचारलंत, तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. माझं 'मस्त झाली' तुम्ही ऐकून घेतलंत आणि ईराच्या खोकल्याची चौकशी केलीत. नंतरच्या सगळ्या फोनांमध्ये, माझ्या सगळ्या ऐटीत मांडलेल्या मुद्द्यांवर, तुम्ही एकदाही ते हत्यार काढलं नाहीत. वाद जिंकायला एक वाक्य पुरलं असतं. मला ते कळल्यापासून तुमचा थोडा रागही येतोय, काकू. एकदा रागावला असतात तर मी मोकळा झालो असतो. पण मग असंही वाटतं, की तुम्हाला मला मोकळं करायचं नव्हतं, मला नीट चालवायला लावायचं होतं. ट्रिप मस्त झाली नव्हती. आम्ही तिघं तुमच्यामुळे आहोत. हे मला तुमच्यासमोर, तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हणायचं होतं.

आता समीरबद्दल. तुमच्या दोघांचं या ट्रेलरवरून काय चालायचं ते मला माहीत होतं. तो ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत रिसर्च करतो, आकड्यांवर विश्वास ठेवणारा मुलगा. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं एकटीनं ट्रेलर ओढणं त्याला मान्य नव्हतं. मागच्या दिवाळीत तो फोनवर तुम्हाला स्वार्थी म्हणाला होता, आणि ते मला सांगतानाही तुम्ही त्याचीच बाजू मांडत होतात, की मुलानं काळजी करू नये तर काय करावं. त्याच्या समाधानासाठी तुम्ही फोनवरून तुमचं लोकेशन त्याला कायम दिसेल असं करून ठेवलं होतंत. तुम्हाला वाटायचं, तो ते बघतही नसेल.

तो बघायचा. हे त्यानं मला तुमच्या घरातलं सामान आवरताना सांगितलं, इंग्रजीत, तुमच्या ट्रकच्या कागदांचा गठ्ठा हातात घेऊन. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तो तुमचा निळा ठिपका बघायचा. लॅबमध्ये मधल्या वेळेत बघायचा. ठिपका इतका हळू सरकायचा की पहिल्यांदा त्याला वाटलं ॲप बिघडलंय. मग त्याच्या लक्षात आलं, आई चालवते आहे. मग त्याला त्या हळूपणाचीच सवय झाली. नेब्रास्का ओलांडायला तुम्हाला किती वेळ लागला हे त्याला पाठ होतं. तुम्हाला हे त्यानं का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. मी कोणत्या तोंडानं विचारणार?

आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं, तो ट्रेलर विकेल. त्यानं मला विचारलं, मला शिकवशील का?

तुमच्या बादल्या गॅरेजमध्ये होत्या. चर्चचा तोच पार्किंग लॉट. त्याला तीन शनिवार लागले. दांडीवर हात न्यायला लावला, डोळे मिटून, आणि तो हसला नाही. गेल्या शनिवारी सकाळी तो तुमचा ट्रक आणि ट्रेलर घेऊन निघाला. टेनेसीची हद्द लागून थोडं पुढे जाईपर्यंत मी शेजारी बसलो. मला परत आणायला मेघना मागून कार घेऊन येत होती. सुरुवातीला तो पंचेचाळीसच्या वर जाईना. एकामागून एक ट्रक बाजूनं जात होते आणि प्रत्येक वेळी त्याचे खांदे कानांपर्यंत जायचे. त्यानं विचारलं, मी फार हळू चाललोय का? मी म्हटलं, रस्ता बघ आणि तूच ठरव. तुमच्याकडून शिकलेलं हे माझं सगळ्यात अवघड वाक्य होतं, कारण मला आकडा सांगायचा मोह होत होता. त्यानं टायरचा, वाऱ्याचा, समोरच्या मोकळ्या रस्त्याचा हिशेब मोठ्यानं मांडला आणि अर्ध्या तासानं अठ्ठावन्नवर स्थिर झाला. खांदे खाली आले.

हायवेकडेच्या रेस्ट एरियात थांबलो. मी कॉफी घेऊन आलो तर तो ट्रेलरच्या प्रत्येक चाकापाशी वाकून उलटा तळहात लावत होता, कुठलं चाक जास्त तापलंय का ते बघायला. तुम्ही प्रत्येक थांब्यावर हेच करायचात. पण मी त्याला हे शिकवलेलं नव्हतं, राहूनच गेलं होतं. मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? तो स्वतःच जरा थबकला. मग म्हणाला, कोणी नाही. लहानपणी, काकांना पुन्हा नोकरी लागल्यावर, त्याला सांभाळायला सकाळी घरी कोणी नसायचं, म्हणून तुम्ही त्याला पहाटे डेपोत घेऊन जायचात आणि बसच्या पहिल्या सीटवर पांघरूण घालून झोपवायचात. त्याला झोप लागायची नाही. तो खिडकीतून तुम्हाला बसभोवती फिरताना बघत राहायचा.

"आय थॉट शी वॉज सेइंग गुड मॉर्निंग टू द व्हील्स," तो म्हणाला, आणि त्यानं ट्रेलरकडे तोंड फिरवलं. मी कॉफी बाकावर ठेवली आणि मेघनाच्या कारकडे गेलो.

तो एकटा निघाला. सिग्नल दिला, मागून येणारे दोन ट्रक जाऊ दिले, आणि घाई न करता उजव्या लेनमध्ये शिरला. मी रेस्ट एरियाच्या टोकाशी उभं राहून हात हलवला. त्यानं पाहिलं नाही. त्याचे डोळे आरशात होते.